आत्याची काळी चार

आत्याचं गाणं वयानं गेलं, असं आमच्याकडे सगळे मानतात. विषय निघाला की मीही मान हलवतो. पण ते वयानं गेलेलं नाही. ते मी घालवलं.

आत्या सदाशिव पेठेत एकटी राहते. गाणं शिकवायची. पेटी मात्र तिनं कधी घरात येऊ दिली नाही. "पेटी स्वर दाखवते, दोन स्वरांमधली आस दाखवत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. संधिवातानं बोटं आखडली आणि तंबोरे जुळवणं जमेना, तेव्हा ते गवसणीत गेले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. आम्ही त्याला डबा म्हणायचो. बटण फिरवून पट्टी लावायची की झालं. आत्याची पट्टी काळी चार. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, तोच तिचा सा. तरुणपणापासून तीच. "माझ्याबरोबरच्या सगळ्या बायका खालच्या पट्टीवर उतरल्या," असं म्हणून ती पुढचं बोलायची नाही. बोलायची गरजही नसायची.

पाच वर्षांपूर्वी तो डबा फळीवरून पडला. मग कधी सुरू व्हायचा, कधी नाही. टपली मारली की बोलायचा. मी कारखान्यात सर्किट तपासण्याचं काम करतो, त्यामुळे नातेवाइकांच्या बिघडलेल्या वस्तू माझ्याच वाट्याला येतात. उघडून पाहिलं तर क्रिस्टल गेलेला. नखाएवढी पत्र्याची डबी असते ती, आत स्फटिकाची चकती. ती थरथरते आणि तिच्या ठेक्यावर अख्खं यंत्र चालतं. ठेका किती, तो आकडा वर छापलेला असतो. याच्यावर होता अकरा पॉइंट दोन आठ नऊ सहा.

"नाही," बुधवार पेठेतला दुकानदार म्हणाला. "गुरुवारी या."

"बारा आहे का?"

"बारा आहे. पण तुम्हाला बारा नकोय."

"जवळपासच आहे की."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, चप्पल नाहीये ही. एक नंबर मोठी घेऊन चालत नाही."

"द्या हो."

"देतो. घालून बघा, कुठवर जाताय ते."

गुरुवारी वाघोलीहून पुन्हा त्या गर्दीतून यायचं माझ्या जिवावर आलं होतं. शिवाय "आजच वाजेल" असं आत्याला सांगून बसलो होतो. ठेका वाढला की सूर चढणार, हे मला तिथं दुकानातच कळत होतं. हे एवढं वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली. किती चढेल याचा हिशेब मात्र मी केला नाही. केला असता तर आकडा माहीत झाला असता. अर्धा सूर, वर थोडासा जास्तच.

जुना काढून नवा डाख देऊन बसवला. डबा वाजायला लागला. आत्यानं डोळे मिटून ऐकलं. "जरा घाईत आहे का रे हा?"

"नवा पार्ट आहे. जोमात आहे."

ती हसली आणि माझ्यासाठी शिरा करायला उठली.

दोन-तीन महिन्यांत तिचा आवाज वर गेल्यावर चिरकायला लागला. तिनं ज्येष्ठमध चघळला, डॉक्टरला घसा दाखवला. तेवढ्यात शिकायला येणारी कॉलेजची एक मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या मोबाइलवरची काळी चार आणि आपली जुळत नाहीये."

"मग मोबाइललाच गुरू कर," आत्या म्हणाली. ती मुलगी पुन्हा आली नाही. हे मला आत्यानंच हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

दिवाळीनंतर तिनं शिकवणी बंद केली, स्वतःचं गाणंही. मी गेलो, म्हणालो, "अगं, पट्टी उतरव ना थोडी." काळजीपोटी बोललो असं तिला वाटलं असेल. खरं म्हणजे बटण अर्धा सूर खाली आलं असतं तर सगळं आपोआप जुळलं असतं आणि मला तोंड उघडावं लागलं नसतं.

"उतरून गायचं तर गायचं कशाला?" ती म्हणाली. "तुझे उपकारच आहेत. जुना डबा माझ्यासारखाच ढिला पडला असणार, मला सांभाळून घेत होता. तू दुरुस्त केलास म्हणून खरं कळलं."

मी चहा संपवला आणि निघालो.

पुढे मी बरोबर आकड्याचा क्रिस्टल आणला आणि डबा साफ करतो म्हणून गुपचूप बदलला. पण तिनं तो परत कधी लावलाच नाही. वर क्रोशाचं झाकण आलं.

गेल्या महिन्यात ती मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "तो डबा घेऊन जा. तू जीव लावून दुरुस्त केलेला, तुझ्याकडेच राहू दे." तेव्हा मात्र मला राहवलं नाही. दुकान, बारा, गुरुवार, सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "म्हणजे त्या मुलीला मी उगाच बोलले."

मग म्हणाली, "लाव."

मी काळी चार लावली. खरी. तिनं सा लावला. चांगला लागला. वर निघाली, आणि निषादाच्या अलीकडेच आवाज फुटला. पुन्हा गेली, पुन्हा तिथंच. जवळजवळ पाच वर्षं न गायलेला गळा तो.

"बंद कर. तो बाराचा आहे का तुझ्याकडे अजून?"

"आहे."

"मग तोच घाल परत. निदान सबब तरी राहील."

मला वाटलं चेष्टा करतेय. वर पाहिलं, तर करत नव्हती.

हात पुसून तिनं कपाटातली शिकवणीची वही काढली, त्या मुलीचा नंबर शोधला आणि मला लावायला सांगितलं. पलीकडून फोन उचलला गेला. आत्यानं आपण कोण ते सांगितलं आणि लगेच म्हणाली, "तुझं बरोबर होतं गं त्या दिवशी. आमचा डबाच चुकीचा होता."

माझं नाव तिनं घेतलं नाही. मीही फोन मागून घेतला नाही.