म्हशीच्या काट्यासाठी अकरा ओळी

१९९८ च्या मे महिन्यातला दुसरा सोमवार. रक्कम चार हजार दोनशे रुपये. हजर चौघं: पणदऱ्यातल्या एका दूध संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळे तात्या म्हणत, संस्थेचे सेक्रेटरी, मी आणि माझी बायको. पैसे तिचे. शिवणकाम करून ओव्हरलॉक मशीनसाठी साठवलेले. त्यातून मी संस्थेच्या कॉम्प्युटरला एकदम चार यंत्रं जोडता येतील असं एक कार्ड आणलं होतं. चारही जोडण्या चालल्या तर संस्था पैसे देणार, नाहीतर कार्ड आमच्या गळ्यात, असं ठरलं.

मी बारामतीत कॉम्प्युटर क्लास चालवायचो. संस्थेच्या मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं, कारण ते फुकट होतं. कार्डाला गाईच्या दुधाचा काटा आणि फॅट मशीन जोडलं, ते चाललं. म्हशीच्या दुधाची दोन्ही यंत्रं मात्र कॉम्प्युटरला दिसेनात.

तात्या म्हणाले, "मास्तर, माझ्या म्हशीनं काय घोडं मारलंय तुमचं? आठ दिवस देतो. न्हायतर हे काढून न्या."



सुट्या भागांना कामाला लावणारा मुख्य प्रोग्रॅम म्हणजे कर्नेल. लिनक्समध्ये त्याचा मजकूर कुणालाही वाचता येतो. अशा कार्डांच्या फाइलमध्ये वरच लिहिणाऱ्याचा ई-मेल पत्ता होता. पुण्यातल्या मित्राकडे इंटरनेट होतं, तिथे जाऊन मी पत्र धाडलं. दुसऱ्या दिवशी मित्राने फोनवर उत्तर वाचून दाखवलं. त्या परदेशी माणसाकडे असं कार्डच नव्हतं. त्याने कार्डावरच्या चिपचा नंबर मागितला होता. मी भिंग लावून वाचला आणि मित्रामार्फत कळवला.

शनिवारी मित्राने एसटीने फ्लॉपी पाठवली. अकरा ओळींची दुरुस्ती, आणि खाली निरोप: मला इथे तपासता येत नाही, तुम्हीच तपासा आणि सांगा.

त्या जुन्या मशीनवर कर्नेल नव्याने तयार व्हायला चार तास लागत. दोन तास झाले आणि वीज गेली. दूध थंड ठेवायचा जनरेटर तात्यांनी स्वतः सुरू केला आणि कॉम्प्युटर त्यावर जोडू दिला. "करा तुमचं. पर दूध नासलं तर तुमच्या नावावर." झालेलं काम वाया गेलं नव्हतं, उरलेलंच करायचं होतं. संध्याकाळी म्हशीचं पहिलं माप पडद्यावर उमटलं.

"त्या बाबाला किती द्यायचं?" तात्यांनी विचारलं.

मी विचारून घेतलं. तो म्हणाला, पैसे नकोत, चाललं हे कळवलंत तेवढं पुरे. तुमच्या नंबरामुळे हे कार्ड घेणाऱ्या सगळ्यांचं काम होईल. कर्नेलच्या पुढच्या आवृत्तीत त्या ओळी मी पाहिल्या. मला न पाहिलेल्या माणसाने आमच्यासाठी आपला वेळ घातला होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

"लांब ऱ्हातोय, न्हायतर खरवस धाडला असता," तात्या म्हणाले.

फोनचे एकशे चाळीस रुपये मी मित्राला दिले. संस्थेचे चार हजार दोनशे रुपये तात्यांनी माझ्या हातात न ठेवता थेट माझ्या बायकोला दिले.