समोरून ये

मरोद्यात, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरसमोरून रोज सकाळी एक रिटायर्ड काका पांढरा बुल टेरियर फिरवतात. अंड्यासारखं डोकं, पैलवानाची छाती. लोक रस्ता बदलतात. मला तर काकाच जास्त खटकायचे. मागून कितीदा नमस्कार केला, पण वळून पाहतील तर शपथ!

एकदा ते आमच्या फाटकाशी बसून त्याच्या गुलाबी कानांना खोबरेल चोळत होते, उन्हानं सोलतात म्हणून. मी धीर करून मागून कुत्र्याच्या पाठीकडे हात नेला.

"मागून नोको!" काका ओरडले. "बहिरा हाय थो. मागून हात लावला का दचकते, अन् लोकं म्हणतात चावरा हाय. समोरून ये. त्याले दिसू दे."

मी समोर जाऊन बसलो. त्या दांडग्यानं अख्खं अंग माझ्या मांडीवर टाकून दिलं.

"काका, प्लांटमध्ये कुठे होता तुम्ही?"

काका तेल चोळतच राहिले. मान खाली, बोटं तेलात. त्यांनी वर पाहिल्यावर पुन्हा विचारलं.

"रोलिंग मिल," माझ्या ओठांकडे पाहत ते म्हणाले. "लई आवाज राहे तिथं."

आता काका दिसले की मी झपाझप त्यांच्या पुढे जातो, वळतो, आणि मग नमस्कार करतो.