खोटं बोलले असं लिहून दे

"आधी दाखव," सुपरवायझर म्हणाला.

कांदा सोलणाऱ्या चाळीस बायकांचे हात थांबले. मी त्याच्याकडं संडासाची किल्ली मागायला गेले होते. सकाळी एकदा जाऊन आले होते, ही दुसरी खेप. पाळी आली होती. ते मी त्याला हळूच सांगितलं. तो मोठ्यानं बोलला, "रोज एकीला येती पाळी. आधी दाखव, मग किल्ली घे."

हमाल हसले. मी परत जाऊन पाटावर बसले. अर्ध्या तासानं उठले तर पाटावर डाग. सुपरवायझरनं पाट उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"आता पटलं. जा."

किल्ली घेताना मी म्हणाले, "बरं, साहेब." ते 'बरं, साहेब' मला डागापेक्षा जास्त लागलं. अजून लागतं.

तिसगावच्या पुढं रस्त्याला लागून हा कांदा वाळवायचा कारखाना. आम्ही कांद्याची मुळं कापायची, साल काढायची. मशीनवर त्याचे काप व्हायचे, वाळायचे, खोक्यांत भरून परदेशात जायचे. तिथली एक मोठी कंपनी ते सूपच्या पाकिटात घालायची. त्या कंपनीचा बोर्ड आमच्या फाटकावर होता. 'प्रत्येक कामगाराचा सन्मान, ही आमची जबाबदारी.' वस्तीवरच्या बायकांत बारावी शिकलेली मी एकटी. शेजारी बसणाऱ्या सखूबाईनं एकदा विचारलं, "काय लिव्हलंय गं त्याच्यावर?"

"आपला मान राखत्यात म्हणं."

ती खोकला लागेपर्यंत हसली.

मग त्या कंपनीकडून कारखान्याची तपासणी ठरली. भिंतींना चुना लागला. संडासाचं कुलूप निघालं, आत साबण आला. हातमोजे, टोप्या, गमबूट वाटले. संध्याकाळी मोजून परत घ्यायचे होते. मॅनेजरनं मला बोलावलं. "तू शिकलेली हायेस. तूच बोल." दोन दिवस माझ्याकडून पाठ करून घेतलं. संडासाला केव्हाही जाता येतं. कुणी वाईट बोलत नाही. आम्ही समाधानी आहोत. अडखळले की सुपरवायझर म्हणायचा, "पुन्हा."

तपासणीला पुण्याची एक बाई आली. सुती साडी, हातात टॅब. ऑफिसात मला समोर बसवलं, दार लावून घेतलं. "मोकळेपणानं सांगा हं ताई. तुमचं नाव कुठंही जाणार नाही."

पाठ केलेलं मी धडाधड म्हणाले. कामाचे तास. पिण्याचं पाणी. संडास. ती टिपत गेली. मग तिनं विचारलं, "इथं कुणी कधी तुमचा अपमान केलाय?"

याचंही उत्तर पाठ होतं. तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. मी म्हणाले, "केलाय."

मग सगळं सांगितलं. कुलूप, पाट, सगळं. रडले नाही. तिचं बोट टॅबवर थांबलं.

"हे कुणी पाहिलं?"

"चाळीस बायांनी."

तिनं सहा जणींना एकेक करून आत घेतलं. सहाही जणी म्हणाल्या, असं काही झालं नाही. सखूबाईसुद्धा. ती बाहेर आली तेव्हा हातमोजे उलटे घातलेले होते. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं मला फाटकातच अडवलं. आतून सुपरवायझर आला. मी ऑफिसात जे बोलले होते ते त्यानं मला शब्दाला शब्द म्हणून दाखवलं.

"नाव जानार न्हाई म्हनली व्हती ना बाई? आलं की माझ्याकडं."

दोनेक महिन्यांनी माझ्या त्या बोलण्यावरून परदेशी कंपनीनं माल घेणं बंद केलं, कारखाना बंद पडला. फाटकावर पत्र लागलं. मीच वाचलं, बाहेर उभी राहून. आमच्या मूल्यांशी तडजोड करणाऱ्यांकडून आम्ही खरेदी करत नाही, असं. त्यांचं कुणी वस्तीवर आलं नाही. या बायकांचं आता काय, कुणी विचारलं नाही. त्यांनी मूल्यं सांभाळली आणि चाळीस बायका घरी बसवल्या. कांदा दुसरीकडून घ्यायला लागले. तिथं बायकांना कोण कसं वागवतं, देव जाणे. सुपरवायझरला कारखान्याच्या शेठनं आपल्या दुसऱ्या धंद्यावर लावलं. त्याचा एक दिवस बुडाला नाही.

मग एका सकाळी सगळ्या बायका माझ्या दारात. सखूबाईच्या हातात मॅनेजरनं टाईप करून दिलेला कागद. 'मी रागाच्या भरात खोटं बोलले.' खाली सहीची जागा. सही झाली की कंपनीला दाखवणार, माल पुन्हा सुरू होणार.

"सही कर बाई," सखूबाई म्हणाली. "सुनेला सातवा लागलाय. दवाखान्यात न्यायची हाय तिला."

"तू बघितलं व्हतंस, सखूबाई."

"व्हय. बघितलं. मग? आमाला काय कमी बोलला का त्यो? एवढ्या बाया हुत्या. तुलाच लई लाज आली!"

मागून कुणीतरी थुंकलं. माझ्या पायाजवळ पडलं. माझ्या नवऱ्यानं घरातून पेन आणून माझ्या हातात दिलं.

मी ते पेन घेतलं. कागद पालथा केला आणि मागं लिहिलं. मी खरं बोलले. माल बंद करू नका, संडासाला कुलूप लावणं बंद करा. न सांगता या. बायकांशी कारखान्यात नको, घरी येऊन बोला. लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. म्हणाले, "ह्याच्यावर सह्या करा." एकीनंही केली नाही. माझ्या एकटीच्या सहीनं ते मी कंपनीला पाठवलं. उत्तर आलं नाही.

कारखाना आता दुसऱ्या एका परदेशी कंपनीसाठी चालू झालाय. सगळ्या परत लागल्या, मला सोडून. मी खुरपायला जाते. सखूबाई रस्त्यात दिसली की पदर तोंडाशी धरून पुढं निघून जाते. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा विचार मी करून बघितलाय. उत्तर मला आवडलं नाही. तरी सही करणार नाही.

नव्या कंपनीचा पत्ता खोक्यांवर छापलेला असतो. फाटकाबाहेर उभ्या ट्रकमधल्या खोक्यांवरून तो मी उतरवून घेतलाय. त्यांनाही लिहिणार. त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा लिहिणार. त्यांनी माल बंद केला आणि उद्या पुन्हा चाळीस जणी माझ्या दारात आल्या, तरी दार उघडून उभी राहणार. आणि प्रत्येक पत्राखाली माझं पूर्ण नाव असेल. गावासकट.