सुतकात ओलांडलेली कमान

समुद्रात बुडी मारणाऱ्या आमच्या बंदरातल्या बायकांत किनुए सगळ्यात वयस्कर. बहात्तराव्या वर्षीही एका दमात तळाला जाऊन शिंपले काढते. तिचा मुलगा शुहेई माझा विद्यार्थी होता. गणितात कच्चा, पण वाऱ्याचा अंदाज कधी चुकत नसे.

चार वर्षांपूर्वी किनुएचा नवरा गेला. आमच्याकडे सुतक पन्नास दिवसांचं. तोवर समुद्रदेवीच्या देवळाच्या कमानीखालून जायचं नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक. एकतिसाव्या दिवशी वादळ झालं आणि शुहेईची होडी परतली नाही. सोबत तोकुजी होता, शेजारच्या मिसाओचा नवरा.

मी धक्क्याकडे निघालो होतो. किनुए देवळाच्या पायऱ्या उतरताना दिसली.

"मास्तर, कुणाला सांगू नका. राहवलं नाही हो."

"काय मागितलंस?"

"शुहेईला परत दे म्हटलं. तोकुजीचं नाव... सुचलंच नाही मला."

संध्याकाळी उलटलेल्या होडीला धरून शुहेई एकटाच सापडला.

तेव्हापासून किनुए देवळात गेलेली नाही. हंगामाचा पहिला शिंपला देवीपुढे ठेवायचा मान सगळ्यात वयस्कर बाईचा. ही मात्र दर वर्षी गुडघ्यांचं निमित्त काढते.

"तळाला जाताना बरे दुखत नाहीत गुडघे!" बायका चिडवतात. "देवीनंच काय घोडं मारलंय तुझं?"

ती नुसती हसते. सुतक कधीच फिटलं, येऊ दे तिला, असं पुजाऱ्याने सांगितल्याचं मी तिच्या कानावर घातलं. तिने मान हलवली. "देवीचं मी बघून घेईन, मास्तर. पण मिसाओच्या शेजारी उभं राहून हात कसे जोडू?"

यंदा मिसाओच पहिल्या शिंपल्याची टोपली घेऊन तिला न्यायला आली.

"काकू, चला बरं. तुम्ही नाही तर मीही नाही." तिने किनुएचा हात धरला.

मीही सोबत निघालो. किनुए रस्त्यातच थांबली. "माझ्यामुळे गेला गं तुझा तोकुजी. सुतकात देवळात गेले, आणि मागितलं ते फक्त माझ्या पोराला."

मिसाओने हात सोडला, टोपली सावरली आणि एकटीच पायऱ्या चढून गेली.

"आता ती माझ्याशी बोलायची नाही," किनुए म्हणाली.

"बोलेल," मी म्हटलं. अजून तरी बोललेली नाही.