आठ सह्यांची वही

कोंडीरामनं भाषण ऐकून हिशेबनीस निवडला. यावरून त्याची बायको बकुळा पुढं कितीतरी वर्षं त्याला टोचून बोलत असे, आणि तिचं काही चुकत नव्हतं. दाढ दुखली म्हणून आपण कीर्तनकाराकडं जात नाही. पण सत्तावन्न सालची हवाच तशी होती. मैदानामैदानात सभा, भिंतीभिंतीवर 'मुंबई आमची', आणि जो व्यासपीठावर चढेल तो आपला सख्खा भाऊ, असं लालबाग-परळातल्या भल्याभल्यांना वाटत होतं. कोंडीरामलाही वाटलं.

कोंडीराम करी रोडच्या चाळीत राहणारा. गिरणीतल्या बॉयलर खात्यात त्यानं सोळा वर्षं बदली कामगार म्हणून काढली. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं त्याला कधी घेतलं नाही. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागतो आणि त्याच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालत नव्हता. त्यानं साफ केलेल्या बॉयलरच्या वाफेवर सबंध गिरणी चालायची, ते मात्र सगळ्यांना चालत होतं. शेवटी त्यानं नोकरीवर लाथ मारली आणि बॉयलर सफाईचं कंत्राट धरलं. गिरणीला सुट्टी लागली, बॉयलर निवला, की कोंडीराम आणि त्याची आठ माणसं तोंडाला फडकी बांधून आत उतरत आणि पत्र्यावर धरलेली क्षाराची खपली हातोडीनं पाडत. वर्षभरात तीन गिरण्या त्याच्याकडं आल्या.

माणसं सगळी त्याच्याच चाळीतली. छप्पनच्या डिसेंबरात सगळ्यांनी एकदमच धम्मदीक्षा घेतलेली. त्यानंतर चाळीत मोठ्यांसाठी अक्षरओळखीचा वर्ग निघाला आणि टोळीनं आपसात एक कायदा केला: आता कागदावर अंगठा उठवायचा नाही. सोमवारी कोंडीरामच्या खोलीत पगार व्हायचा. दोनशेपानी वहीत नाव, दिवस, रक्कम आणि पुढं सही. ज्याला सही येत नाही त्यानं येईपर्यंत पगार मागायचा नाही. सर्वांत थोरला भिवा, पंचेचाळिशी उलटलेला, त्यापायी दोन सोमवार रिकाम्या हातानं गेला. तिसऱ्या सोमवारी त्यानं घाम पुसत पुसत आपलं नाव लिहिलं. अक्षरं एका बाजूला आणि वरची रेघ दुसऱ्या बाजूला, पण लिहिलं.

कंत्राटाबरोबर गिरणीच्या इंजिनिअरनं कोंडीरामला हिशेब लिहायला एक मेहताजी गाठून दिला होता. मस्जिद बंदरचा, महिना पाच रुपये. फार कटकट्या माणूस. हातोड्या कुठून घेतल्या, पावती कुठाय, दिव्याच्या तेलाचा कागद का नाही, असले वीस प्रश्न विचारी. त्याच सुमारास लालबागच्या मैदानात ठाकूरद्वारचे कमलाकांत बोलले. इन्कमटॅक्सचे सल्लागार, आजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, दोन चाळी घरच्या. कोटावर समितीचा बिल्ला. "मराठी माणसाच्या घामाचा हिशेब मराठी माणसाच्याच हातात हवा!" असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली, आणि कोंडीरामनं दुसऱ्याच दिवशी मेहताजीकडून कागद उचलले.

कमलाकांतनं एकही प्रश्न विचारला नाही. कोंडीरामनं वही पुढं केली तेव्हा फक्त म्हणाला, "हातात नको. ठेव तिथं टेबलावर." तेव्हाच कोंडीरामनं उठायला हवं होतं. पण माणूस स्वतः निवडला की त्याच्या खोडीही आपल्यालाच झाकाव्या लागतात. बकुळानं विचारलं, "कसे आहेत?" तर हा म्हणाला, "साहेब आहेत. कामात असतात."

वर्षाभरानं इन्कमटॅक्सची नोटीस आली. तीन गिरण्यांनी मिळून वर्षात सोळा हजार दिले, ते कुठं गेले, पुराव्यासह हजर राहा. सोळापैकी दहा हजार आठ माणसांच्या मजुरीत गेले होते, हजार-बाराशे अवजारांत. मजुरी सिद्ध झाली तर कोंडीरामला पन्नास-साठ रुपये कर. नाही झाली, तर सगळी रक्कम त्याचीच कमाई. मग सतराशेच्या घरात कर, आणि दंड वेगळा. म्हणजे हातोड्या विकायच्या, टोळी मोडायची आणि पुन्हा गिरणीच्या दारात बदलीच्या रांगेत उभं राहायचं. सगळं त्या एका वहीवर अडलं होतं, आणि नोटीस आली तशी वही कमलाकांतकडं जमा झाली होती.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात तो ठाकूरद्वारला गेला. कमलाकांतनं हजेरी-पगाराचं एक नवं करकरीत मस्टर त्याच्यासमोर सरकवलं. कोंडीरामनं पहिलं पान उघडलं. निळ्या शाईचे अंगठे, एकाखाली एक, पानभर.

"हे काय, साहेब?"

"तुझी वही मळकी होती. ऑफिसरनं हातात धरली नसती. नवी करून दिली."

"हे अंगठे कुणाचे?"

"तुझ्या माणसांचेच समज. आमच्या शिपायाला हाताला दहा बोटं आहेत, पायाला दहा आहेत. अडचण काय?"

"माझी माणसं सह्या करतात."

कमलाकांत मनापासून हसला. "कोंडीराम, मैदानात काय वाट्टेल ते बोलावं. बॉयलर खरवडणारी माणसं सह्या करतात, हे ऑफिसरला सांगू नकोस, तो मला हसेल. आणि बघ, आठाची मी चौदा केलीत. तुझा कर शून्यावर आणून ठेवलाय. फी दीडशे."

कोंडीरामनं नावं वाचली. दगडू, रमाकांत, आणखी कोण कोण. बाराव्या ओळीत मीराबाई. बाई! बॉयलरमध्ये! या गृहस्थानं आयुष्यात बॉयलर पाहिला नव्हता आणि पाहणाऱ्याला विचारलंही नव्हतं.

खोटं कशाला बोला, शून्य हा आकडा ऐकून कोंडीरामला भुरळ पडली. ठाकूरद्वार ते करी रोड तो चालत आला आणि सबंध वाटेत त्यानं ते शून्य मनात घोळवलं. दीडशे देऊन प्रकरण मिटतंय, कोण बघतंय? घरी येऊन त्यानं बकुळाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"उद्या ऑफिसरनं चौदा माणसं बोलावली तर? सहा काय स्मशानातून आणशील?"

"बोलावत नाहीत गं."

"बरं. मग ते अंगठे भिवाभावजींना नेऊन दाखव. दोन सोमवार उपाशी ठेवलंस त्यांना. बघ काय म्हणतात."

कोंडीरामला भिवाकडं जायचा धीर झाला नाही. तो दुसऱ्या दिवशी परत ठाकूरद्वारला गेला.

"मस्टर नको. माझी वही द्या."

"फी दे, वही ने."

"खोट्या कामाची फी?"

"काम म्हणजे काम. माझी फी बाकी असेपर्यंत तुझे कागद माझ्याकडं. गुरुवारी सुनावणी आहे ना तुझी?"

कोंडीरामच्या कानशिलात रक्त चढलं. ही काय बोलायची रीत! परक्यानं अडवलं असतं तर त्याला इतकं लागलं नसतं. "मैदानात 'आपली माणसं, आपली माणसं' करत होतात," तो म्हणाला, "त्यात आम्ही होतो की नव्हतो, तेवढं सांगा." कमलाकांतनं टेबलावरची घंटी वाजवली आणि पुढच्या अशिलाला आत बोलावलं.

नव्या हातोड्यांसाठी बाजूला ठेवलेले दीडशे रुपये कोंडीरामनं बुधवारी आणून त्याच टेबलावर टाकले. हातात दिले नाहीत. पावती मागितली, उभ्या उभ्या वाचली, आणि वही काखेत मारून जिना उतरला. खोट्याची मजुरी भरून त्यानं खरं सोडवून आणलं होतं.

गुरुवारी तो एकटाच ऑफिसरपुढं उभा राहिला. ऑफिसर तरुण, चष्मेवाला, सकाळपासून वैतागलेला. वहीवरच्या काजळीकडं पाहून त्यानं नाक मुरडलं, पण पानं उलटली. मग थांबला.

"या सह्या कुणी केल्या?"

"ज्याच्या त्यानं, साहेब."

"बॉयलर साफ करणारे? सगळे शिकलेले?"

"नाव लिहितात."

"मला या एकाच हाताच्या दिसतात." त्यानं वही उलटी करून बोट ठेवलं. अक्षरं सारख्याच वळणाची होती, कारण सगळ्यांनी एकाच मास्तरकडून एकाच फळ्यावरून गिरवली होती. हे कोंडीरामनं सांगितलं. ऑफिसरनं ऐकल्यासारखं केलं. "हे बघा, अंगठे असते तर मी आत्ता मंजूर केलं असतं. मजुरांचे अंगठेच असतात. तुम्ही स्वतः बसून आठ सह्या ठोकल्या नाहीत कशावरून?"

म्हणजे शिपायाच्या पायाचे अंगठे इथं बिनबोभाट खपले असते, आणि घाम गाळून शिकलेली नावं चोरीची ठरत होती! कोंडीरामला त्या खोलीतलं टेबल उचलून आपटावंसं वाटलं. कमलाकांतचं गणित बरोबर होतं, याचा त्याला जास्त राग आला.

"माणसं आणतो," तो म्हणाला. "समोर सह्या घ्या."

पुढच्या शुक्रवारी आठही जण कामावर खाडा करून आले. बाकावर चौघं मावली, चौघं उभी राहिली. एकेकाला आत बोलावलं. ऑफिसर कोऱ्या कागदावर सही करायला लावी, वहीतल्या सहीशी ताडून पाही, प्रश्न विचारी: किती दिवस, रोज किती, कंत्राटदाराला त्यातून काही परत देतोस का? सात जण सुटले. प्रत्येकाला सोडताना ऑफिसरचं तोंड कडू होत होतं.

आठवा भिवा. त्यानं कागद सरळ लावला आणि ठसठशीत, रेघेला लटकलेल्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. दीड वर्ष त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. ऑफिसरनं वहीतली सही पाहिली, कागदावरची पाहिली.

"ही तुझी नाही."

"माझीच आहे, साहेब."

"मग तेव्हा केली होतीस तशी करून दाखव."

भिवानं वहीतलं आपलं नाव बराच वेळ निरखलं. "आता तशी येत नाही," तो म्हणाला. "तेव्हा मला नीट येत नव्हतं."

बाराशे साठ रुपये. भिवाची वर्षाची मजुरी. ती नामंजूर झाली की कोंडीरामच्या कमाईत मिळवली जाणार, त्यावर सत्तर रुपये जादा कर. ऑफिसरनं लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. माणूस अगदीच दगड नव्हता. त्यानं खणातून शाईची डबी काढून टेबलावर ठेवली.

"जाऊ दे. 'पैसे मिळाले' असा जबाब लिहून घेतो, त्यावर अंगठा दे. मी मंजूर करून टाकतो."

भिवानं दाराशी उभ्या असलेल्या कोंडीरामकडं पाहिलं. सत्तर रुपये म्हणजे काय हे चाळीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्यानं बाही सारली आणि अंगठा पुढं केला. तो शाईला लागायच्या आत कोंडीरामनं येऊन त्याचं मनगट धरलं.

"नको, भिवादा. साहेब, तुम्ही रेघ मारा."

"वेडे आहात का? सत्तर रुपये जातील तुमचे."

"जाऊ देत. रेघ मारा."

ऑफिसरनं खांदे उडवले आणि भिवाच्या नावावर लाल रेघ ओढली. भिवानं हिसका देऊन मनगट सोडवलं आणि भर कचेरीत, उघड्या दाराबाहेरच्या सात माणसांच्या देखत, कोंडीरामला आईवरून एक सणसणीत शिवी हासडली, "माझ्या नावापायी सत्तर घालवलेस!" त्याचे डोळे भरून आले होते. एरवी असल्या शिवीला हात उचलणारा कोंडीराम मान खाली घालून उभा राहिला.