बोटाला पुरणारं हत्यार

तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडकलं.

चांदमारीच्या मैदानावर डी.एस.पी. साहेब माझ्यामागे दोन पावलांवर उभे होते. मी स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली, अर्धवट चढलेलं काडतूस झटकून टाकलं आणि पुन्हा नेम धरला. चौथी गोळी गेली, पाचवी गेली. सहावी पुन्हा अडकली.

"वाघमारे," साहेब म्हणाले, "हेच का तुमचं नवीन हत्यार?"

ट्रायलसाठी सहा पिस्तुलं आली होती, त्यातली चार सकाळपासून अशीच रुसून बसली होती. बाजूला आर.आय. साहेब, म्हणजे रिझर्व्ह इन्स्पेक्टर, हातातलं जुनं रिव्हॉल्वर रुमालानं पुसत उभे होते. रिव्हॉल्वरनं एकदाही खोडी काढली नव्हती. त्यांच्या मिशीतलं हसू मला दिसत होतं आणि मला दिसतंय हे त्यांनाही माहीत होतं.

"उद्या दुपारी रिपोर्ट हैदराबादला जाईल," डी.एस.पी. साहेब म्हणाले. "रिव्हॉल्वरच राहू द्या. बास."

दोन महिने केलेली माझी वकिली अर्ध्या तासात आडवी झाली.

मी आदिलाबादला आर्म्ड रिझर्व्हमध्ये हेड कॉन्स्टेबल होतो. काम आर्मोररचं. आर्मोरर म्हणजे पोलिसांच्या हत्यारांचा डॉक्टर, वॉचमन आणि गरज पडली तर हमालही. तेव्हा राज्य आंध्र प्रदेशच होतं, साहेब लोक सगळे तेलुगू. मी त्याच जिल्ह्यातल्या, महाराष्ट्राच्या सीमेला लागलेल्या बेल्याकडचा, मराठी. आमचं ऑफिसातलं बोलणं हिंदी-तेलुगूच्या खिचडीत चालायचं. इथं मराठीतच सांगतो.

त्या वर्षी ट्रेनिंग सेंटरला मुलींची बॅच आली, अकरा जणी. त्यांना पुढं कोर्टात कैदी न्यायची, मंत्र्यांच्या बंदोबस्ताची ड्युटी लागणार होती. तिथं लांब रायफल घेऊन चालत नाही, कमरेचं हत्यार लागतं. म्हणून रायफलीसोबत त्यांना हँडगनची परीक्षाही होती. आणि हँडगनला अकराच्या अकरा नापास होऊन राहिल्या होत्या.

रिव्हॉल्वरमध्ये सगळं काम बोटाचं असतं. ट्रिगर ओढला की मागचा घोडा उठतो, काडतुसांचं चक्र फिरतं, मग गोळी सुटते. हे सगळं एका बोटाच्या जोरावर. त्यामुळे ट्रिगर लांब आणि जड. घोडा आधी अंगठ्यानं चढवून ठेवला तर सोपं जातं, पण परीक्षेत सहा गोळ्या पटापट मारायच्या असतात, तिथं ती सवलत नाही.

आर.आय. साहेबांचं निदान पक्कं होतं. "मुलींच्या हातात ताकदच नाही. रोज शंभर डिप्स मारायला लावा."

मारल्या बिचाऱ्यांनी. दंड भरले, गोळ्या तशाच डावीकडे खाली जात राहिल्या.

त्यात एक मंगला होती. आमच्या बेल्याकडचीच, भाजीवाल्यांच्या घरातली. दोन वर्षांची पोरगी सासूपाशी ठेवून आली होती. रायफलीला बॅचमध्ये पहिली. एक दिवस रेंजवरून परत येताना ती माझ्याजवळ थांबली.

"सर, एक इचारू? हे रिव्हॉल्वर माणसाच्या हाताचं हाये का?"

"काऊन?"

"माहं बोट पुरूनच नाई राह्यलं. नुसता शेंडा लागते. शेंड्यानं वढलं का नळी वाकडी होते."

मी रागावणार होतो. हत्याराला नावं ठेवणाऱ्या रिक्रूटचा मला भारी राग येतो. पण रायफलीला पहिली येणारी पोरगी खोटं काऊन बोलेल?

दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर अकरा जणींचे पंजे पेन्सिलीनं काढून घेतले. सगळ्या हसत होत्या, मेंदीचा नमुना काढताय का म्हणून चिडवत होत्या. मग त्या कागदांवर रिव्हॉल्वर ठेवून पाहिलं. नऊ जणींच्या बोटाचं पहिलं पेरसुद्धा ट्रिगरवर नीट बसत नव्हतं, उरलेल्या दोघींचं जेमतेम. ताकदीचा प्रश्नच नव्हता. विहिरीला दोर पुरत नसेल तर पाणी काढणारीला दंडबैठका मारायला लावून काय उपयोग?

पिस्तुलाचं तसं नाही. नऊ एमएम पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या डबीत असतात, तिला मॅगझीन म्हणतात. पहिल्या वेळी स्लाईड ओढायची, पुढं ते स्वतःच्या धक्क्यानं स्वतः भरत जातं. ट्रिगर मागे, बोटाच्या जवळ येऊन थांबलेला असतो आणि हलका असतो. एका साहेबांचं पिस्तूल घटकाभर मागून घेऊन कागदांवर ठेवून पाहिलं; अकरापैकी दहा पंजांना तो बरोबर बसत होता, अकराव्या पंजालाही थोड्या सवयीनं बसला असता.

मी ते पंजे घेऊन डी.एस.पी. साहेबांकडे गेलो. ते ट्रेनिंग सेंटरचे प्रिन्सिपल. कागद पाहून ते आधी हसले, मग हैदराबादला लिहून त्यांनी ट्रायलसाठी सहा पिस्तुलं मागवली. ट्रायल चांगली झाली तर मुलींचं ट्रेनिंग आणि परीक्षा पिस्तुलावर. नाही तर रिव्हॉल्वर. आणि रिव्हॉल्वर म्हणजे नापास, नापास म्हणजे पुढच्या बॅचबरोबर पुन्हा सहा महिने. मंगलानं मला सरळ सांगून टाकलं होतं, "सर, आनखी सहा मयने मी नाई राहू शकत. पोरगी मले वळखनं सोडून देईन. राजीनामा लिवतो अन् जातो घरी."

अशी ती ट्रायल. आणि तिच्यात सहापैकी चार पिस्तुलं अडकलेली.

मैदानावरून मी आर्मरीत आलो. जेवणाचा डबा तसाच ठेवला. डोकं तापलं होतं, पण तापलेल्या डोक्यानं हत्यार उघडू नये, म्हणून आधी गार पाणी प्यालो.

पहिली तपासणी सोपी. न अडकलेल्या पिस्तुलाचं मॅगझीन काढून अडकलेल्या पिस्तुलात घातलं. ड्रिलची खोटी काडतुसं भरून स्लाईड ओढत गेलो. सगळी सुरळीत चढली. मग उलटं केलं, अडकलेलं मॅगझीन चांगल्या पिस्तुलात. दुसऱ्याच काडतुसाला गाडी थांबली.

म्हणजे पिस्तूल ठणठणीत होतं. दुखणं मॅगझीनमध्ये होतं.

मॅगझीनच्या तोंडाशी एक पत्र्याची पट्टी असते. खालून स्प्रिंग तिला वर ढकलते, ती काडतुसाला वर ढकलते. मी पट्टी अंगठ्यानं दाबून सोडली. ती टुणकन वर यायला हवी. ती दमेकऱ्यानं जिना चढावा तशी आली.

तळाचं झाकण सरकवून मी स्प्रिंग बाहेर काढली. तेलात कालवलेला लाल चिखल. बोटाला लागला तो वास घेऊन पाहिला. कुंकू. आणि मॅगझीन टेबलावर आपटलं तर आतून पिवळी तांदळाची कणी पडली.

अक्षता.

बाकीची मॅगझिनंही दाबून, आपटून पाहिली; बारापैकी आठ तशीच, चार ठीक. मी खुर्चीत बसलो. ट्रायलच्या दोन दिवस आधी दसरा होता. दसऱ्याला आर्मरीत आयुधपूजा होते. रायफली, रिव्हॉल्वरं मांडतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. सगळ्या पोलिसांत चालतं. पण मी ती पूजा कधी पाहिलीच नव्हती. आम्ही बौद्ध. दसरा आमचा दीक्षेचा दिवस. दरवर्षी दोन दिवसांची रजा टाकून मी बायकापोरांना घेऊन नागपूरला जायचो आणि परत यायचो. त्या वर्षीही तेच. ट्रायलच्या सकाळी ड्युटीवर आलो, रजिस्टरात 'सफाई झाली' अशी नोंद होती, पिस्तुलं बाहेरून लखलखत होती. मी खाली सही ठोकली. मॅगझीन उघडून पाहिलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवत आलेला मी, स्वतः सही ठोकून मोकळा.

आता सांगायचं कसं? पूजा स्वतः आर.आय. साहेबांनी केलेली. मी जाऊन म्हणायचं की तुमच्या पूजेनं पिस्तूल बिघडलं. आणि म्हणणारा कोण, तर नेमका पूजेला नसणारा वाघमारे. सगळ्या लाइनीत बोंब झाली असती. कणी केरात टाकून गप्प बसणं सोपं होतं. खरं सांगतो, पाच मिनिटं मी तोच विचार केला. मग त्या पंजांच्या कागदांवर नजर गेली आणि स्वतःचीच लाज वाटली.

कणी कागदात बांधून मी आर.आय. साहेबांच्या खोलीत गेलो. सॅल्यूट केला.

"सर, आज माझी चूक झाली. मॅगझीन न उघडता मी सही केली."

"एमय्या, काय हो वाघमारे, आता चुका सांगून काय होणार? हत्यारच कमजोर आहे."

मी पुडी टेबलावर उघडली. ते वाकून बघत राहिले.

"हे कुठून आलं?"

"मॅगझीनमधून, सर. कुंकूही आहे. आठ मॅगझिनांत. बाकीची चार पूजेच्या वेळी पेटीतच राहिली होती, ती चांगली आहेत."

त्यांचा चेहरा बदलला. "पूजेमुळे हत्यार बिघडतं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही, सर. पूजा झाल्यावर साफ करायचं काम आर्मोररचं. आर्मोरर मी. मी नागपूरला होतो, आल्यावर बघितलं नाही. रायफलीला टिळा लावला तर काही होत नाही. मॅगझीनचं तोंड उघडं असतं."

त्यांनी ती कणी उचलून तळहातावर घेतली.

"नवीन हत्यारं म्हणून त्यांची मॅगझिनं मीच ताटात उभी मांडली होती," ते हळू म्हणाले. "सगळ्यात जास्त अक्षता यांच्यावरच टाकल्या. पोरींना चांगली लाभू देत म्हणून."

हा माणूस पिस्तुलाच्या विरोधात आहे असं मी धरून चाललो होतो. रिव्हॉल्वर त्याला आवडत होतं एवढंच; मुलींचं वाईट त्यानं कधी चिंतलं नव्हतं.

"रॉकेल आहे का?" त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

दोन तास आम्ही आर्मरीत बसून आठही मॅगझिनं उघडली, रॉकेलनं धुतली, कोरडी केली, तेलाचा एकेक थेंब लावला. इन्स्पेक्टर दर्जाचा माणूस माझ्या शेजारी स्टुलावर बसून चिंध्यांनी स्प्रिंगा पुसत होता. पहाऱ्यावरचा शिपाई दारातून बघत होता, त्याला काही सुधरत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघं डी.एस.पी. साहेबांसमोर उभे राहिलो. आर.आय. साहेबांनी स्वतः सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. साहेबांनी डोक्याला हात लावला.

"पुन्हा ट्रायल घ्यायला काडतुसं कुठली आणू? मंजुरीचा कोटा सकाळीच संपला."

"माझ्या वार्षिक प्रॅक्टिसचा नऊ एमएमचा कोटा बाकी आहे, सर," आर.आय. म्हणाले. "त्यातला घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चांदमारी. या वेळी मॅगझिनं मी एकेक उघडून, साहेबांना दाखवून भरली. सहा पिस्तुलं, सगळी मॅगझिनं. एकही अडकलं नाही. साहेब फक्त म्हणाले, "आता एखाद्या मुलीला बोलवा."

मी मंगलाला बोलावलं. तिनं पिस्तूल आधी फक्त रिकामं हाताळलं होतं. दहा यार्डांवर माणसाच्या आकाराचं टार्गेट.

"घाबरू नको," मी म्हटलं.

"घाबरू नाई राह्यलो, सर. बोट बराबर बसलं."

सहा गोळ्या. मी स्वतः टार्गेटपाशी गेलो. पाच छातीत, एक खांद्यात. पाचही एका ताटलीखाली झाकल्या जातील अशा. साहेब चालत आले, प्रत्येक भोकावर बोट ठेवून पाहिलं आणि मंगलाकडे वळले.

"रिव्हॉल्वरवर किती मार्क होते?"

"शून्य, सर."

साहेब मोठ्यानं हसले. आर.आय. साहेबांनी तर टाळी वाजवली, रेंजवर टाळी वाजवायची नसते हेही विसरून. रिपोर्ट दुपारी गेला आणि त्यात पिस्तूल लिहिलं होतं. सोबत अकरा पंजांचे कागदही जोडले होते.

महिन्याभरानं परीक्षा झाली. दहा जणी पहिल्या फेरीत पास, अकरावी दुसऱ्या फेरीत. मंगला हँडगनलाही पहिली आली. पासिंग आउटच्या परेडला तिची सासू पोरीला घेऊन आली होती. पोरगी आईच्या टोपीला घाबरून आधी रडली, मग टोपी काढल्यावर कडेवर गेली आणि उतरायला तयार होईना. मंगला तिला घेऊन माझ्याकडे आली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "पिस्तूल जमा केलं ना? पावती घेतली?"

पुढच्या दसऱ्याआधी आर्मरीत एक हुकूम लागला: पूजा हत्यारांची करावी, मॅगझिनं कुलपात ठेवावीत आणि तिसऱ्या दिवशी आर्मोररनं सगळं उघडून पाहिल्याशिवाय गोळी चालवू नये. मसुदा मी केला, सही आर.आय. साहेबांची. मीही त्या वर्षी नागपूरला गेलोच. फक्त परत आल्यावर डबा खायच्या आधी मॅगझिनं उघडली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो. माणूस नापास झाला तर आधी त्याचा पंजा मोजावा. हत्यार नापास झालं तर त्याला शेवटचा हात कोणाचा लागला ते विचारावं. आणि तो हात आपला असायला हवा होता असं निघालं, तर वरच्याला सांगायला दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.