कचरा परत करणारी अक्का

मी भाव पाडत असताना स्वतःचा भाव वर नेणारी एकच बाई मला भेटली. ती चेन्नईच्या वेलचेरीतल्या आमच्या इमारतीचा कचरा न्यायची. नाव कोणी विचारलं नाही. सगळे अक्काच म्हणत. दारावर येऊन ओला-सुका वेगवेगळा नेण्याचे तिने घरटी महिना दोनशे मागितले. मी शंभर म्हणालो.

"अडीचशे, सार."

मी दीडशेवर आलो.

"तीनशे."

"अहो, गप्प बसा, चारशेवर जाईल ती!" बायको आतून ओरडली. सौदा तीनशेवर ठरला. बाकीच्या अकरा घरांना दोनशे. तो सल अजून गेलेला नाही.

मी विट्याहून रिकाम्या हाताने आलेला गलाईवाला. सराफांच्या दुकानातली झाडलेली धूळ विकत घ्यायची आणि भट्टीत घालून तिच्यातून सोनं काढायचं, यावर मी घर उभं केलं. म्हणून अक्काला सुनावलं, "कचऱ्याचे पैसे नेणाऱ्याने द्यायचे असतात. तीस वर्षं मी देतोय!"

"मग तुमच्याही कचऱ्यात थोडं सोनं घाला, सार. मी पैसे देऊन नेईन."

ओला-सुका एकत्र केलेला कचरा ती परत करायची, आणि तोही बायकोने दारात काढलेल्या रांगोळीच्या मधोमध ठेवून. एकदा माझा एक बडा सराफ घरी आला, तो माशाच्या खवल्यांची पिशवी ओलांडून. आत घड्याळाचा सेल निघाला होता. मी जिन्यात जाऊन अक्कावर ओरडलो. ती खालूनच म्हणाली, "भट्टीत पण सगळं एकत्रच घालता का, सार?" सराफ हसला. मी दारातच बसून सेल वेगळा काढला.

पुढे एक कंत्राटदार आला. घरटी ऐंशी, कचरा वेगळा करायची कटकट नाही. बैठकीत मी रागाच्या भरात त्याच्या बाजूने बोललो. पाण्याचा टँकर असो की पार्किंग, या लोकांनी माझं कधी ऐकलं नव्हतं. नेमके तेव्हाच सगळ्यांचे हात वर गेले. अक्का शहराच्या दुसऱ्या भागात, अड्यारला, कामाला गेली.

नवा माणूस सगळं एकाच गाडीत ओततो, तेही दर तिसऱ्या दिवशी. जिन्यात नाक धरून चालावं लागतं. शेवटी मी अड्यारला जाऊन तिला गाठलं आणि स्वतःहून चारशे म्हणालो. माझ्या तोंडून असा आकडा पहिल्यांदाच निघाला असेल.

"नको, सार. इथली माणसं कचरा वेगळा करून देतात."

"मी पण देतो!"

"द्यालच. तुम्हाला मी शिकवलंय."

तणतणत घरी आलो. त्या दिवशी केळ्याच्या सालींत मुद्दाम एक सेल टाकला आणि पिशवी बाहेर ठेवली. तिसऱ्या दिवशी नव्या माणसाने ती नेली. मी दार उघडून बराच वेळ उभा होतो. रांगोळीवर काहीच नव्हतं.